सात वर्षे पूर्ण झाली की मुलगा बापाचा होतो का?



कोकणातल्या एका भगिनीचे पत्र गेल्या महिन्यात हाती आले. वहीची चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. नाव छापू नये अशी तिची विनंती आहे. ओळख पटेल असे तपशीलही मी बदलले आहेत. हकीकत अशी : दोन वर्षांपूर्वी तिचा खुला झाला. शौहर कुवेतला नोकरीला. खुलानामा जमातीच्या कार्यालयात, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांसमोर लिहिला गेला. त्यात मुलाविषयी दोनच वाक्ये आहेत. मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आईकडे राहील, नंतर बापाच्या घरी जाईल. आणि आई मुलाच्या खर्चासाठी काही मागणार नाही. मुलगा सध्या तिच्यापाशी, तिच्या माहेरी आहे. दर दुसऱ्या रविवारी दादा-दादी त्याला घेऊन जातात आणि मगरिबच्या आत आणून सोडतात. दोन वर्षांत एकदाही उशीर झालेला नाही, हेही तिनेच लिहिले आहे.

आता पुढच्या महिन्यात मुलाला सात पूर्ण होतात. सासऱ्यांचा फोन आला, "त्याचे कपडे आणि पुस्तके बांधून ठेव." इकडे तिचा भाऊ म्हणतो, येत्या रविवारी पाठवूच नकोस, गेला तर परत येणार नाही. तिचे तीन प्रश्न आहेत. सात पूर्ण झाले की मुलगा आपोआप बापाचा होतो का? मी सही केली आहे, आता काही करता येईल का? आणि रविवारी काय करू?

पहिल्याचे उत्तर : नाही. दुसऱ्याचे : येईल, मुलाच्या बाबतीत ती सही कोर्टाला बांधत नाही. तिसऱ्याकडे शेवटी येते, कारण आधीचे समजल्याशिवाय ते उत्तर पटणार नाही.

सात वर्षांची गोष्ट आली कुठून ते पाहू. लहान मुलाला सांभाळण्याचा आईचा हक्क म्हणजे हिजानत. हनफी मतानुसार मुलगा साधारण सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे राहते. मोहल्ल्यात सगळ्यांना हाच आकडा तोंडपाठ असतो. पण कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई आहेत, या भगिनीची दोन्ही घराणीसुद्धा. शाफई फिकहात सातव्या वर्षाचा अर्थ निराळा आहे. त्या सुमारास मुलाला समज येते, म्हणून त्याला विचारले जाते, तुला कोणाकडे राहायचे आहे? याला आधार हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसचा. आईबाप वाद घेऊन आले तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी निवड मुलावर सोपवली, आणि मुलाने आईचा हात धरला.

इमाम नववी यांच्या 'मिन्हाज'मध्ये तर पुढचाही तपशील आहे. मुलाने आईला निवडले तर रात्री तो आईकडे राहील आणि दिवसा बापाकडे. बाप त्याला वळण लावील, शिकायला किंवा हुन्नर शिकायला घालील. बापाला निवडले तर त्याने मुलाला आईच्या भेटीपासून अडवायचे नाही. इमाम नववी इ. स. १२७७ मध्ये वारले. संयुक्त ताबा ही कोर्टाने काढलेली नवी टूम आहे असे म्हणणाऱ्या बुजुर्गांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

म्हणजे 'शरीअतप्रमाणे मुलगा आता आमचा' असे जे घर म्हणते आहे, त्या घराच्याच मसलकात सातव्या वर्षी मुलाला उचलून न्यायचे नसते, विचारायचे असते.

आता देशाचा कायदा. आपल्याकडे मुलांचा ताबा ठरतो तो 'गार्डियन्स अँड वॉर्ड्स अॅक्ट' या १८९० च्या कायद्याने. त्याचे कलम १७ असे सांगते की पालक ठरवताना कोर्टाने मुलाचे हित पाहावे, आणि ते मूल ज्या व्यक्तिगत कायद्याखाली येते त्याच्याशी सुसंगत राहून पाहावे. मुलाचे वय, मुलगा की मुलगी, धर्म, पालकाचे चारित्र्य आणि कुवत, हे सगळे विचारात घ्यायचे. मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची मर्जीही विचारता येते. ताब्याच्या प्रकरणातही कोर्टे हीच कसोटी लावतात. हिजानतचा नियम कोर्ट बाजूला टाकत नाही. पण आईबापाच्या हक्कापेक्षा मुलाचे हित वरचढ, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन:पुन्हा सांगितले आहे. २००८ चा नील रतन कुंडू खटल्याचा निकाल वकील नेहमी दाखवतात. त्यामुळे वाढदिवसाच्या सकाळी काहीही आपोआप होत नाही. आणि या कायद्यात अज्ञान मूल म्हणजे अठरा वर्षांखालचे; वयात आलेली मुलगी कोर्टाच्या लेखी अज्ञानच असते.

एक घोळ मात्र बायका नेहमी करतात. ताबा वेगळा आणि पालकत्व वेगळे. मूल आईजवळ राहत असले तरी बाप वली राहतो. मुलाच्या नावची जमीन-घर विकणे वा गहाण ठेवणे आईला परस्पर करता येत नाही. म्हणून 'ताबा मिळाला, आता बापाचा संबंध संपला' असे कुणी सांगितले तर मान डोलावू नका.

खुलानाम्याविषयी. नवरा-बायकोतला खुला त्या कागदाने होऊ शकतो, मेहर सोडता येतो. पण मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे. आईला स्वतःचे सोडता येते, लेकराचे नाही. १९९७ साली नूर सबा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीच्या मुलांना बापाकडून खर्च मिळण्याचा हक्क १९८६ च्या कायद्याने कमी होत नाही. मुले सज्ञान होईपर्यंत, आणि मुलींच्या बाबतीत लग्न होईपर्यंत. पूर्वीचे फौजदारी कायद्याचे कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. त्याखाली अर्ज होतो. दोन्ही बाजूंना आपली मिळकत, कर्ज, बँक खाती प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागतात. ही सक्ती २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासूनची. तो खटला मुळात नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातला. कुवेतचा पगारही त्यात लिहावा लागतो.

कोर्टात जायचे म्हणजे नेमके काय होते, याची भीती पत्राच्या प्रत्येक पानावर आहे. मूल जिथे नेहमी राहते तिथल्या कोर्टात अर्ज करायचा. कौटुंबिक न्यायालय नसेल तिथे जिल्हा न्यायालयात. म्हणजे या भगिनीला सासरच्या गावी खेटे घालायचे नाहीत. बाईमाणसाला आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२. कोर्टाच्या आवारातच विधी सेवेचे कार्यालय असते, तिथे चौकशी करायला लाजू नका. समोरच्याला समन्स जाते. परदेशात असेल तर त्यात वेळ जातो, त्याची तयारी ठेवा.

पहिल्या तारखांना न्यायाधीशांपेक्षा विवाह समुपदेशकाशीच जास्त गाठ पडते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने आधी तडजोडीचा प्रयत्न करणे कोर्टाचे कर्तव्यच ठरवले आहे. समुपदेशक दोघांना वेगवेगळे आणि मग एकत्र बसवतात. लोक तिथे एकतर रडतात, नाहीतर वकिलाने शिकवलेले म्हणून दाखवतात. दोन्हींचा उपयोग थोडाच. मुलगा कितव्या इयत्तेत आहे, शाळा कुठे, मदरसा किती वाजता, आजारपणात कोण उठते, रात्री कोणाजवळ झोपतो, हे सांगा. मला आठवते, एका बापाला मुलीच्या वर्गशिक्षिकेचे नाव विचारले तर तो बहिणीकडे पाहू लागला. दुसरा एक बाप, रिक्षा चालवणारा, मुलीच्या दम्याच्या पंपाचे नाव आणि किती वेळा द्यायचा ते घडाघडा बोलला. त्याला मिळालेल्या भेटी भरपूर होत्या.

गरज वाटली तर न्यायाधीश मुलाला आपल्या चेंबरमध्ये बोलावून एकटेच बोलतात. आई की अब्बा असा थेट सवाल सहसा नसतो. शाळा, मित्र, खेळ, दादीकडे काय खातोस, असे चालते. कृपा करून मुलाला पढवून आणू नका. सात वर्षांचे पोर 'माझे भवितव्य अम्मीकडे सुरक्षित आहे' असे म्हणाले की समोरची व्यक्ती काय ते समजते.

निकाल लागायला वर्षे लागू शकतात, म्हणून अंतरिम अर्ज महत्त्वाचा. तोवर मूल कोणाकडे, भेट कधी, हे त्यात ठरते. आणि ताब्याचा कोणताही हुकूम कायमचा नसतो. मुलाचे वय वाढले, परिस्थिती पालटली तर तो बदलून मागता येतो. आईने दुसरा निकाह केला म्हणून ताबा आपोआप जात नाही, तरी तो मुद्दा समोरून येतोच. बापाच्या दुसऱ्या निकाहकडेही कोर्ट तितकेच पाहते.

आता संयुक्त ताबा. भारतात त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मे २०१५ च्या आपल्या २५७ व्या अहवालात तो असावा अशी शिफारस केली, कायदा अजून झालेला नाही. तरी कोर्टे तसे हुकूम देतात. २०१३ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने एका बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत वर्षाचे दोन भाग केले, जानेवारी ते जून बापाकडे, जुलै ते डिसेंबर आईकडे. एकाच शहरात राहणाऱ्या आईबापांना हे जमू शकते. गाव वेगळे, शाळा वेगळी असेल तर अर्धे-अर्धे करणे मला पसंत नाही. मुलाचा मित्र म्हणून एकही टिकत नाही.

आपल्याकडे प्रत्यक्षात घडते ते असे की मूल एकाकडे राहते आणि दुसऱ्याला ठरलेल्या वेळी मिळते : एकाआड एक शनिवार-रविवार, अर्धी सुट्टी, रोज किंवा आठवड्यातून काही वेळा व्हिडिओ कॉल. यशिता साहू खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मुलाला आई आणि बाप दोघांच्याही मायेचा हक्क आहे, आणि दूर राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलवर बोलण्याची सोय करून द्यावी. ताबा कोणाला या एका शब्दावर लोक वर्षानुवर्षे भांडतात. मुलाचे आयुष्य मात्र वेळापत्रकावर चालते. म्हणून तडजोड होत असेल तर सगळा जीव त्या वेळापत्रकात ओता.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगते. संमतीच्या अटींचे कागद बहुधा जुन्या नमुन्यावरून टंकलेले असतात. दिवाळीची अर्धी सुट्टी, मे महिन्याची अर्धी सुट्टी, वाढदिवस. ईद कुणी लिहीत नाही, किंवा आठवण झाली तर शेवटी एक ओळ. एका प्रकरणात मी ती ओळ घालून घेतली आणि खूश झाले : रमजान ईदला मुलगा सकाळी १० ते संध्याकाळी ६ बापाकडे. बाजूला वर्षभराच्या सुट्ट्यांच्या यादीतून तारीख टाकली होती. त्या वर्षी आदल्या संध्याकाळी चांद दिसला नाही. कागदावरच्या तारखेला तिसावा रोजा निघाला. मुलगा त्या दिवशी बापाकडे गेला आणि दोघे रोजा धरून बसले. दुसऱ्या दिवशी, खऱ्या ईदला, बाप दारात आला तर आईकडून उत्तर मिळाले, तुमचा दिवस काल होता, कागद बघा. कागदाप्रमाणे तिचे बरोबर होते. तसेही दहा वाजता मुलगा मिळून काय उपयोग? ईदची नमाज तोवर होऊन गेलेली असते. त्या माणसाला मुलाला नवा कुर्ता घालून ईदगाहला न्यायचे होते, एवढेच. मसुदा मी तपासला होता. ही गोष्ट न्यायाधीशांच्या ध्यानात येणार नव्हती, माझ्या यायला हवी होती.

तेव्हापासून मी असे लिहून घेते. तारीख नाही, चांदरात. चांदचा एलान झाला की त्या रात्री नऊपर्यंत मूल ज्याची पाळी त्याच्याकडे पोचवायचे. एलान कोणत्या चांद कमिटीचा मानायचा, तिचे नाव. ईद एकाकडे तर बासी ईद दुसऱ्याकडे, पुढच्या वर्षी उलट. रमजान ईद ज्याच्याकडे, बकरी ईद त्याच्याकडे नाही. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, तो परीक्षेत आला तर काय करायचे. रोजा धरायचा की नाही हे कोण ठरवणार, यावरूनसुद्धा लोक कोर्टात येतात. हसू नका, आलेले पाहिले आहेत. बाकी शाळेची फी, आजारपण, अकिका-सुन्नतचा समारंभ, घरातल्या शादीला नेणे, हे ज्या घरात जसे.

आणि सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ मध्येच तसे म्हटले आहे.

बाप आखातात असेल तर आणखी दोन गोष्टी. मुलाचा पासपोर्ट कोणाकडे राहील, आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय मूल देशाबाहेर नेता येणार नाही, हे हुकुमात असू द्या. बाप महिनाभर सुट्टीवर येतो तेव्हाचे वेगळे वेळापत्रक लिहा. एकाआड एक रविवार त्याच्या काय कामाचा?

ज्यांचा खुला झालेला नाही, घटस्फोटच अजून व्हायचा आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. एका दमात तीन तलाक २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा झाला. त्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अशा वेळी अज्ञान मुलांचा ताबा मागण्याचा हक्क आईला आहे. इतर रीतीने तलाक दिला असे नवरा म्हणत असेल तर तो त्याने सिद्ध करायचा असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने दगडू पठाण खटल्यात २००२ साली हे सांगितले. बायकोला १९३९ च्या कायद्याने कोर्टातून निकाह रद्द करून घेता येतो : दोन वर्षे खर्च दिला नाही, चार वर्षे पत्ता नाही, जुलूम, अशी कारणे त्यात आहेत. दोघांची मर्जी असेल तर मुबारात. त्याचा लेखी करार करून कौटुंबिक न्यायालयाकडून तशी घोषणा घेऊन ठेवावी. पासपोर्टला आणि पुढच्या निकाहला तोच कागद कामी येतो.

आता भगिनी, तुमचा रविवार. तुमच्या पत्रात तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे, घाईत लिहिल्यासारखे. तीन महिन्यांपासून मुलाच्या अब्बांचा व्हिडिओ कॉल तुम्ही उचलत नाही. सासऱ्यांचा तो फोन यानंतरचा आहे. दोन्हींचा संबंध असेलच असे नाही. पण उद्या कोर्टात पहिला प्रश्न यावरच येईल, आणि 'मला राग आला होता' हे उत्तर तिथे चालत नाही. बापाला तोडणारी आई, हा शिक्का बसला की चांगली बाजूही लंगडी पडते.

म्हणून रविवारी मुलाला पाठवा. भावाची भीती समजते. पण दोन वर्षे मगरिबच्या आत मूल आणून सोडणारी माणसे आहेत ती. शनिवारी सासऱ्यांना मोबाइलवर लेखी निरोप टाका की नेहमीप्रमाणे घेऊन जा आणि नेहमीच्या वेळी आणून सोडा. त्यांचे उत्तर जपून ठेवा. त्याच आठवड्यात विधी सेवा कार्यालयात जाऊन ताब्याचा, खर्चाचा आणि अंतरिम हुकुमाचा अर्ज तयार करून घ्या. त्यात भेटी चालू राहाव्यात असे तुम्ही स्वतःहून लिहा. मुलाला परत आणले नाहीच, तर सोमवारी सकाळी तोच अर्ज तातडीचा म्हणून कोर्टापुढे ठेवता येतो, उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची वाटही आहे. अर्ज गेल्यावर सासऱ्यांना समुपदेशकासमोर बसवा आणि मुलाला विचारण्याची जी शाफई रीत वर सांगितली, ती तुमच्या जमातीच्या मौलानांकडून त्यांच्या कानावर जाऊ द्या. माझ्यापेक्षा त्यांचे ऐकतील.

आणि आज रात्री फोन उचला. रोजची एक वेळ ठरवून टाका, अभ्यास झाल्यावर, जेवणाच्या आधी. कुवेतचे घड्याळ आपल्यामागे अडीच तास असते. आपल्याकडे साडेआठ वाजतात तेव्हा तिकडे सहा झालेले असतात, कामावरून परतायची वेळ.